डमीला हात नसतात

“हे पाकीट तुमच्या हवाली, हत्तुरे,” प्रणिता मॅडम म्हणाल्या. “सगळ्या कारखान्यात तुम्ही एकटेच असे आहात, की ज्यांच्यावर माझाही विश्वास आहे आणि मास्तरांचाही.”

मी पाकीट हातात घेतलं. कोरं होतं. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं, की चोवीस तासांच्या आत मी काहीतरी गाढवपणा करतो, असा माझा जन्मभराचा अनुभव आहे. पण तो मॅडमना सांगण्याची ती वेळ नव्हती.

टेबलावर सहा पांढरे टॉप घडी घालून ठेवले होते. नर्सबाई पँटवर घालतात तसले.

“यातले तीन मास्तरांच्या फर्म्यावर कापलेत, तीन कॉम्प्युटरच्या. कापड एक, दोरा एक, शिवणारी बाई एक. कुठला कुणाचा त्याची आत खूण आहे, ती पुसून तुम्ही नंबर लावा. एक आणि दोन. कुठला नंबर कुणाचा ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पाकिटात घालायची आणि पाकीट डिंकानं बंद करायचं. मला सांगायचं नाही. मास्तरांना सांगायचं नाही. घरी सांगायचं नाही.”

“घरी यातलं काही कळत नाही, मॅडम.”

“ज्यांना कळत नाही त्यांच्याकडूनच फुटतं.”

कोपऱ्यातल्या टेबलावरून चिप्पा मास्तरांनी मान वर न करता म्हटलं, “आणि कॉम्प्युटर जिंकला तर दुसऱ्या दिवसापासून मी येत नाही. तेही लिहून घाला पाकिटात.”

“असं मी कुठं म्हटलंय, मास्तर?”

“तुम्ही नाही म्हटलं. मी म्हणायलोय.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाकिटाकडे बघितलं. मास्तर पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ ओढत होते, ती त्यांनी शेवटपर्यंत सरळ ओढली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा गणवेशांचा कारखाना होता. शाळा, दवाखाने, बँकांचे शिपाई, सगळ्यांना आम्ही कपडे चढवायचो. कपडा शिवायच्या आधी कापावा लागतो आणि कापायच्या आधी त्याचा फर्मा काढावा लागतो. म्हणजे पुढचा भाग, पाठ, बाही, कॉलर, सगळ्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे. फर्मा चुकला तर शिवणारीनं सोन्याचा दोरा वापरला तरी उपयोग नाही. हे फर्मे अंबादास चिप्पा काढायचे. वय बासष्ट, मूळ विणकराचं घर, बोलणं कमी आणि त्यातलंही निम्मं पुठ्ठ्याशी. त्यांच्या खोलीत भिंतभर खिळ्यांना चाळीस वर्षांचे फर्मे टांगलेले असायचे. नवा माणूस आत आला की खाटकाच्या दुकानात आल्यासारखा दारातच थबकायचा.

मी चेकिंगला होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बावीस वर्षं मी आणि मास्तर दुपारी एकाच टेबलावर जेवत होतो. ते माझ्या डब्यातली शेंगाची चटणी खायचे, मी त्यांच्या डब्यातलं बाकी सगळं.

मोठे शेठ आजारी पडले आणि त्यांची मुलगी प्रणिता पुण्याचं शिक्षण आणि तो कॉम्प्युटर घेऊन आली. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कॉम्प्युटर नव्हे. त्यानं लाखो फर्मे आणि लाखो माणसांचे फोटो बघून ठेवले होते. माप सांगा, कापड सांगा, चार मिनिटांत तो फर्मा काढून द्यायचा. त्याच्यासाठी खोलीला एसी बसवला, खिडकीला पडदा लावला, दाराबाहेर पायपुसणं आलं. कारखान्यात एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. शिलाईच्या बायका त्याला जावईबापू म्हणायला लागल्या. “जावईबापूंचं जेवण झालं का गं?” असं विचारत पुढं जायच्या.

एका मोठ्या हॉस्पिटलची नऊशे टॉपची ऑर्डर आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, फर्मा जावईबापूंचा. म्हणजे त्या कॉम्प्युटरचा म्हणाल्या. मास्तर म्हणाले, माझा. मॅडम हट्टी होत्या, पण न्यायाच्या होत्या. त्या म्हणाल्या, घालणाऱ्यांनाच विचारू. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई तीन सिस्टर घेऊन गुरुवारी चार वाजता येतील. त्या जो नंबर निवडतील तो पक्का. इतकं साधं होतं. ते मास्तरांनी उद्यापासून येत नाही म्हणून अवघड करून ठेवलं. आणि चिप्पा मास्तरांचा शब्द म्हणजे त्यांची रेघ. मागं वळत नसे.

गुरुवारी सकाळी मी एकटाच बसलो. चेकर म्हणून नव्हे, मित्र म्हणून, दोन्ही टॉप आळीपाळीनं डमीवर, म्हणजे कपडे बसवून बघायच्या धडाच्या पुतळ्यावर, चढवून बघितले.

कॉम्प्युटरचा टॉप डमीवर असा बसला, की डमीलाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं असतं. कुठं चुणी नाही, कुठं झोळ नाही. खांद्यावरून बाही सरळ खाली. मग मी मास्तरांचा चढवला. पाठ चांगली. कॉलर उत्तम. पण मुंढ्याशी, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात तिथं, काखेत दोन्हीकडं दोन-दोन सुरकुत्या. मी ओढल्या, थोपटल्या, फुंकर मारली. सुरकुत्या, भांडून तोंड फिरवून बसलेल्या जावांसारख्या, आपापल्या जागी.

मास्तर थकले, मी मनाशी म्हटलं. वय झालं. हात चुकायला लागला.

मी खुर्चीवर बसलो. दुपारी चार वाजता तीन सिस्टर येणार, आरशात बघणार, आणि सुरकुत्या नसलेला टॉप निवडणार. यात शंका घ्यायला जागा नव्हती. उद्यापासून मास्तरांचं टेबल रिकामं. घरी बसून ते काय करतील? त्यांना पत्ते येत नव्हते, देवळात करमत नव्हतं, आणि टीव्ही लावला की ते बातमी सांगणाऱ्याच्या कोटाचा खांदा बघत बसायचे.

मग मी तो गाढवपणा केला. कॉम्प्युटरच्या तिन्ही टॉपना एक नंबर लावला. मास्तरांच्या तिन्हींना दोन. आणि चिठ्ठीवर अक्षर बिघडू न देता लिहिलं: ‘एक नंबर, चिप्पा मास्तर. दोन नंबर, कॉम्प्युटर.’ पाकीट डिंकानं बंद केलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. म्हणजे सिस्टर एक नंबर निवडणार, आणि मास्तर जिंकणार. कॉम्प्युटरला काय, तो वाईट वाटून घेणार नव्हता. पुण्यकर्म केल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी चहात मी साखर जास्त मागून घेतली.

चार वाजता मेट्रन उजगरेबाई आल्या. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की आमची शिलाई मशीनंसुद्धा जरा हळू चालायला लागली. बरोबरच्या तीन सिस्टर मुद्दाम निवडून आणलेल्या: एक बारीक, एक मध्यम, एक भरलेली.

आधी एक नंबर घालून तिघी पडद्यामागून बाहेर आल्या. मध्यम सिस्टर आरशासमोरून हलायला तयार नव्हती. “छान बसतंय गं,” भरलेली म्हणाली, “मी बारीक दिसते.” मॅडमचा चेहरा उजळला, कारण त्यांना तो टॉप कॉम्प्युटरचा असावा अशी आशा होती. माझाही उजळला, कारण मला तो कुणाचा लिहिलाय ते माहीत होतं. मास्तर मात्र कोपऱ्यात स्टुलावर, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखे बशीतला चहा फुंकत बसले होते.

“दिसायला छानच आहे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पण आम्हाला हॉस्पिटलमध्ये दिसायला ठेवलेलं नाही. सुनीता, सलाईन लाव.”

“कुठं लावू, मॅडम?”

मेट्रनबाईंनी खोलीभर नजर टाकली आणि भिंतीवरच्या एका उंच खिळ्याकडं बोट केलं. सुनीता सिस्टरनी पाण्याची बाटली घेऊन हात वर केला. हाताबरोबर बाही वर गेली, बाहीबरोबर टॉप वर गेला, आणि कमरेवर चार बोटं मोकळी झाली. तिनं पटकन दुसऱ्या हातानं टॉप खाली ओढला.

“पुन्हा.”

पुन्हा तेच.

“एका पाळीत चाळीस बाटल्या,” मेट्रनबाई म्हणाल्या. “चाळीस वेळा ओढायचं? पुढं नातेवाईक बसलेले असतात. दुसरा घाला.”

दोन नंबर घालून तिघी आल्या. मध्यम सिस्टरनी आरशात काखेकडं बघून नाक मुरडलं. “जरा ढगळ वाटतंय.”

“तुझं मत नंतर. हात वर.”

तिघींनी हात वर केले. टॉप जागचा हलला नाही. काखेतल्या त्या सुरकुत्या उलगडल्या आणि नाहीशा झाल्या. जणू त्यांची ड्यूटी आत्ताच सुरू झाली होती.

“आता पेशंट उचलून बघू. पेशंट कोण?”

मेट्रनबाईंच्या नजरेतून सुटणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही. मिनिटभरात मी कापायच्या टेबलावर उताणा पडलो होतो. तिघी सिस्टर मला कुशीवर वळवत होत्या, बसतं करत होत्या, पुन्हा निजवत होत्या.

“श्वास सोडा, काका.”

“सोडलाय.”

“मग पोट आत का जात नाही?”

“ते तसंच असतं.”

तिघी हसल्या, वाकल्या, हात लांबवून मला उचललं, आणि कुणाचाच हात टॉप सारखा करायला कमरेकडं गेला नाही. मी छताकडं बघत पडलो होतो. आपण काय करून बसलोय ते माणसाला बहुधा उताणं पडल्यावरच कळत असावं.

“दोन नंबर,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“दोन नंबर,” तिघी म्हणाल्या. ढगळवालीसुद्धा.

मी टेबलावरून उतरेपर्यंत मॅडमनी पाकीट फोडलं होतं.

“मॅडम, एक मिनिट, ते पाकीट...”

“काय झालं?”

काय झालं ते मेट्रनबाईंसमोर, तीन सिस्टरांसमोर, दाराशी गोळा झालेल्या वीस-बावीस बायकांसमोर सांगायचं होतं.

“डिंक ओला असेल,” मी म्हणालो.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. “एक नंबर, चिप्पा मास्तर. दोन नंबर, कॉम्प्युटर.” त्या हसल्या नाहीत. पोरगी चांगली होती. त्या मास्तरांकडं वळल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं ते न येण्याचं मी ऐकलेलंच नाही.”

मास्तर स्टुलावरून उठले. भरलेल्या सिस्टरजवळ गेले. “बघू का, अक्का?” असं विचारून त्यांनी तिच्या बाहीचा मुंढा दोन बोटांत धरला आणि अंगठा शिवणीवरून हळूच फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

“मुंढा चांगला काढलाय,” ते म्हणाले. चष्मा पुसून खिशात घातला, चपला पायात सरकवल्या आणि गेले.

शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाहीत. शुक्रवारी मी ठरवलं, मॅडमना शनिवारी सांगू. शनिवारी ठरवलं, सोमवारी सांगू. शनिवारी संध्याकाळी मॅडम खुशीत म्हणाल्या, “सोमवारी सकाळी नऊशे टॉप कापायला घ्या. जिंकलेला फर्मा कॉम्प्युटरमधून काढून ठेवलाय.” तेव्हा मला दिसलं, की सोमवारी सांगायला सोमवार पुरणार नाही. कॉम्प्युटरमधून निघालेला फर्मा हरलेला होता. नऊशे सिस्टर जन्मभर कमरेशी टॉप ओढत बसणार होत्या.

रविवारी सकाळी पूर्व भागात मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, मांडीवर नातीचा फ्रॉक. त्याची बाही उसवत होते.

“या,” ते म्हणाले. “शुक्रवारीच याल वाटलं होतं. दोन दिवस उशीर केलाव.”

“मास्तर, त्या चिठ्ठीत...”

“उलटं लिहिलाव.”

मी पायरीवर बसलो. “कधी कळलं तुम्हाला?”

“चिठ्ठी वाचली तेव्हाच. एक नंबर माझा नाही ते सिस्टर बाहेर आल्या तेव्हाच दिसलं होतं. आपलं पोरगं गर्दीत पाठीवरून ओळखू येतंय, आणि मुंढा ओळखू येणार नाही व्हय? म्हणून तर चहा निवांत पीत होतो. जिंकणार म्हणून.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? हत्तुरेनी लबाडी केली म्हणू? मॅडमनी विचारलं असतं, का केली. मग सांगावं लागलं असतं, हत्तुरेला वाटलं चिप्पा हरणार.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “चारचौघांत ते सांगायची लाज वाटली.”

“माझ्यामुळं तुम्हाला कशाला लाज?”

“तुमची नाही ओ. माझी.”

आतून मास्तरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं, आणि आत गेली.

“मी तुमच्यासाठीच केलं, मास्तर.”

“ते कळतंय की. म्हणून तर दोन दिवस जेवण जाईना. वैऱ्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन गार झालो असतो. ती पोरगी बघा. तिला माझा भरवसा नाही. पण तिनं लढत तरी लावली. तुम्ही लढतीच्या आधीच मला हरवून मोकळे झालाव.” त्यांनी फ्रॉक बाजूला ठेवला. “टॉप कशावर चढवून बघितलाव?”

“डमीवर.”

“डमीला हात असतात?”

“नसतात.”

“बावीस वर्षं चेकिंग,” मास्तर म्हणाले. मला नव्हे. समोरच्या रस्त्याला.

मी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. कोपऱ्यावरचा भाजीवाला मेथी मेथी करून ओरडत येऊन गेला.

“त्याचंही तेच झालंय,” मास्तर मग म्हणाले.

“कुणाचं?”

“जावईबापूंचं. त्याला फोटो दाखवलेत ते सगळे सरळ उभ्या माणसांचे. हात खाली, छाती पुढं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, माणूस दिवसभर हात वर करतो, वाकतो, कुणाला तरी उचलतो. त्याचा दोष नाही. कुणी दाखवलंच नाही. तुमच्या घरात तर बायको आहे, हत्तुरे. तारेवर धुणं वाळत घालताना बघितलं नाही कधी?”

मी आठवून बघितलं. नव्हतं बघितलं.

“मास्तर, उद्या नऊशे टॉप कापायला घेणार आहेत. कॉम्प्युटरच्या फर्म्यावर.”

पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हलला. “मग हितं काय करायलाव? तिकडं जावा.”

“सांगितलं तर नोकरी जाईल.”

“जाईल की,” मास्तर म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. “माझी गेलीच की.”

मॅडमच्या बंगल्यावर मी दारातच सगळं सांगून टाकलं. आत बोलावलं असतं तर धीर झाला नसता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडतील, ओरडतील, वडलांना हाक मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

“म्हणजे ते हरलं?”

“हो, मॅडम.”

“का हरलं?”

मी हातांचं सांगितलं. माझा हातही वर करून दाखवला. माझा सदरा वर गेला आणि बनियन दिसलं, त्यामुळं समजावून सांगायला सोपं पडलं. मॅडम बराच वेळ माझ्या बनियनकडं बघत उभ्या राहिल्या.

“हत्तुरे, तुम्हाला काढून टाकायला पाहिजे.”

“हो, मॅडम.”

“पण मग मास्तरांना आणायला माझ्याबरोबर कोण येईल?” त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत. “कॉम्प्युटर जिंकला तर येत नाही म्हटलो होतो. तो हरला. येतो की.” मॅडमनी पुन्हा सगळ्यांसमोर खरी चिठ्ठी वाचायची तयारी दाखवली. मास्तर म्हणाले, नको. वाचायची असेल तर माझं नाव वाचा, हत्तुरेंचं वगळा. सोमवारी नऊशे टॉप मास्तरांच्या पुठ्ठ्यावर कापले गेले. बायकांना एवढंच कळलं, की चिठ्ठी लिहिताना काहीतरी गोंधळ झाला आणि हत्तुरेंना नवा चष्मा लागणार आहे.

मला शिक्षा झालीच. मॅडमनी ठरवलं, की जावईबापूंना हात असलेली माणसं दाखवायची. सिस्टरांपैकी काही जणी येऊन फोटो काढून गेल्या. पुरुषांच्या कपड्यांसाठी कुणी मिळेना. मग अकरा दिवस रोज दोन तास मी कॅमेऱ्यांच्या मधोमध उभा. हात वर, हात पुढं, वाका, बसा, उठा, स्टुलावर चढा, पडलेली पेन्सिल उचला. मास्तर खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. “अजून वर. रिक्षातून उतरताना दांडी धरता तसं.” बायका दारातून बघून जायच्या. अकरा दिवसांत माझं पोट एवढं जगप्रसिद्ध झालं, की पुढं जिल्ह्यातल्या निम्म्या वॉर्डबॉयांचे शर्ट त्याच्यावर बेतले गेले.

त्यानंतर मास्तर रोज एसीच्या खोलीत बसायला लागले. आधी पायपुसण्याला वळसा घालून जायचे, मग पाय पुसून जायला लागले. जावईबापूंनी फर्मा काढायचा, मास्तरांनी स्क्रीनवर बोट ठेवायचं, मॅडमनी ते कॉम्प्युटरला समजेल असं सांगायचं. तो पुन्हा काढायचा. कंटाळा त्याला माहीत नव्हता, मास्तरांनाही.

एकदा मॅडमनीच विषय काढला. त्या आडपडदा ठेवत नसत. “मास्तर, याला सगळं आलं, की तुमच्यानंतर दुसरा मास्तर लागणार नाही. हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.”

“माहीत हाय की.”

“तरी शिकवताय?”

“माझ्या हाताखाली चौदा पोरं शिकली,” मास्तर म्हणाले. “दोघं दुबईला गेले, एकानं माझ्याच गल्लीत दुकान टाकलं, बाकीचे रिक्षा चालवतात. हे निदान सारखं चहाला पळत नाही.” मग म्हणाले, “आणि न शिकवता राहून बघितलं की दोन दिवस. नातीचा फ्रॉक तीनदा उसवला.”

त्यांच्यानंतर दुसरा मास्तर खरंच नेमला गेला नाही. मॅडम म्हणाल्या तसंच झालं. खिळ्यांवरचे फर्मे उतरवले, भिंतीला रंग दिला. पण ते फार पुढचं.

आठ-नऊ महिन्यांनी वॉर्डबॉयांच्या शर्टांची ऑर्डर आली. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी मला चेकिंगच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं. हातात दोन शर्ट. नंबर नाहीत, चिठ्ठी नाही, पाकीट नाही.

“घाला,” ते म्हणाले. “आणि बरा कुठला ते सांगा.”

मी पहिला घातला. हात वर केले, वाकलो, स्टुलावर चढलो, उतरलो, खुर्चीत बसलो. मग दुसरा घातला. पुन्हा सगळं. आणि दुसऱ्याची बाही चढवतानाच माझ्या लक्षात आलं, की हा मुंढा मला ओळखू येतोय. आठ महिने त्या एका मुंढ्याबद्दल ऐकत होतो. तो मास्तरांचा होता. पहिला जावईबापूंचा.

मी हात वर केले. खाली घेतले. खुर्चीत बसलो. मास्तर समोर उभे होते, चष्म्यावरून बघत. बावीस वर्षांत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं.

“पहिला,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. दुसरा हात वर केल्यावर चांगलाय. पण खाली बसलं की पोटावर ओढतो.”

“किती?”

“दोन सूत. फार तर तीन.”

“दुसरा कुणाचा, कळलं?”

“कळलं.”

“आणि तरी पहिला?”

माझ्या तोंडात दहा शब्द आले. पोट माझंच जास्त आहे, सगळ्यांचं नसतं. कापड वेगळं असेल. उकाडा आहे. मी ते सगळे गिळले.

“तरी पहिला, मास्तर.”

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली, बायका आपापल्या मशीनवर गेल्या, एक एक मशीन सुरू झालं. मास्तरांनी खिशातून खडू काढला. मग गुडघ्यावर हात टेकत, जरा कण्हत, माझ्या खुर्चीसमोर फरशीवर बसले.

“उठू नका,” ते म्हणाले. “तसंच बसा. कुठं ओढतंय, बोट ठेवून दाखवा.”

मी बोट ठेवलं. मास्तरांनी बरोबर तिथं खूण केली.